आधी धुणं, मग वाळवण

१७ मे १९४२ रोजी ‘वेस्ट व्हर्जिनिया’ ही अमेरिकी युद्धनौका पर्ल हार्बरच्या तळातल्या चिखलातून सुटून पुन्हा तरंगू लागली. ७ डिसेंबरच्या हल्ल्यात जपानी विमानांनी तिच्या डाव्या कुशीत टॉर्पेडोमागून टॉर्पेडो घातले होते आणि त्यानंतरचे पाच महिने ती बंदरातच बुडून बसली होती. आत समुद्राचं पाणी, त्यावर जहाजाच्याच फुटलेल्या टाक्यांमधलं काळं इंधनतेल आणि या दोहोंत मुरलेली शेकडो विजेची यंत्रं. त्यातून हे जहाज चालायचंच मुळी विजेवर. वाफेच्या टर्बाइनवर जनित्रं फिरायची, जनित्रांच्या विजेवर प्रचंड मोटारी आणि त्या मोटारींवर जहाजाचे पंखे. ‘कॅलिफोर्निया’ या दुसऱ्या बुडालेल्या युद्धनौकेची रचनाही हीच. खाऱ्या पाण्यात इतके महिने भिजलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांचं करायचं काय, हा प्रश्न कॅप्टन होमर वॉलिन यांच्यापुढे होता. बुडालेली जहाजं वर काढण्याचं काम जानेवारी १९४२ पासून त्यांच्याकडे होतं.

वॉलिन यांच्या माणसांच्या लक्षात लवकरच एक गोष्ट आली. पाण्याखाली असेपर्यंत यंत्रं बरीच टिकून होती. ती हवेत आली की गंज झपाट्यानं चढायचा. तळाशी प्राणवायू कमी, वर तो भरपूर. धातूवर ओलं मीठ आणि भोवती मोकळी हवा, याहून वाईट जोडी नाही. पोलादी यंत्रांवर तर इंधनतेलाचा थर बसल्यामुळे उलट फायदाच झाला होता. त्यामुळे कामाचा क्रम ठरला तो असा: एखाद्या दालनातलं पाणी उपसलं की यंत्र सुकायची वाट बघायची नाही, लगेच गोड्या पाण्याचा मारा करायचा. तेल काढायला गरम कॉस्टिक, पुन्हा गोडं पाणी, मग पाणी हटवून स्वतःचा पातळ थर धरणारं रसायन. विजेच्या मोटारी धुऊन भट्टीत भाजायच्या. महाकाय मोटारी आणि जनित्रं यांची वेटोळी मात्र नव्यानं भरावी लागली. त्यासाठी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची माणसं हवाईला गेली. काम जिवावरचंही होतं. ‘नेव्हाडा’ या जहाजात साचलेल्या विषारी वायूनं फेब्रुवारी १९४२ मध्ये दोघांचा बळी घेतला.

२५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे फिलिपिन्समधल्या सुरिगाओच्या सामुद्रधुनीत जपानी जहाजांवर ज्या तोफा धडाडल्या, त्यांत या ‘वेस्ट व्हर्जिनिया’च्या आणि ‘कॅलिफोर्निया’च्याही होत्या.

इतक्या लांबच्या गोष्टीनं लॅपटॉपवर सांडलेल्या चहाची कथा सुरू करायची, हे जरा जास्तच वाटेल. पण भिजलेली यंत्रं वाचवणाऱ्या लोकांचा सगळा इतिहास चाळला तर त्यात एकच धडा वेगवेगळ्या वेशात पुन्हा पुन्हा भेटतो: भिजलेलं यंत्र आधी धुवायचं असतं, वाळवायचं नंतर. बुडालेली जहाजं वर काढणाऱ्यांना हे कळलं, विमान अपघातांचा तपास करणाऱ्यांना कळलं, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना कळलं. घराघरांतला लॅपटॉपवाला मात्र अजूनही मशीन उन्हात ठेवतो, हेअर ड्रायर फिरवतो, तांदळाच्या डब्यात खुपसतो आणि दोन दिवसांनी बटण दाबून बघतो.

महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कृष्णा-पंचगंगेला ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला, तेव्हा काठावरच्या पाणीउपशाच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर त्या वर काढून वाइंडिंगच्या दुकानात आणायच्या, हा तिकडचा रिवाजच आहे. कारागीर मोटार खोलतो, गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन काढतो, मग आत मोठ्या वॅटचे बल्ब लावून ती शेकत ठेवतो. मधूनमधून मेगर लावून बघतो. मेगर म्हणजे तांब्याच्या तारेवरचं आवरण वीज कितपत अडवतं ते मोजणारं यंत्र. काटा वर चढला तर व्हार्निश पाजून मोटार परत नदीवर. नाही चढला तर तांबं उतरवून नवं वाइंडिंग. पर्ल हार्बरच्या गोदीत जे झालं त्याचीच ही सांगली-कोल्हापुरातली आवृत्ती, कुणी कुणाकडून न शिकता झालेली.

विमानांच्या ब्लॅक बॉक्सच्या बाबतीत हा नियम आणखी टोकाला जातो. एअर इंडियाचं ‘कनिष्क’ हे विमान २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळच्या समुद्रावर बॉम्बस्फोटानं कोसळलं. मॉन्ट्रियलहून लंडन, दिल्लीमार्गे मुंबईला यायचं ते विमान. ३२९ माणसं गेली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ‘लिऑन थेवनाँ’ या फ्रेंच केबल-जहाजावरून सोडलेल्या स्कॅरॅब नावाच्या यांत्रिक पाणबुडीनं सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून त्याचे दोन्ही रेकॉर्डर वर आणले. ते मुंबईला आणले गेले आणि त्यांतल्या ध्वनिफितीचा अभ्यास तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला. पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १९८६ ला, ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान फुटलं. त्याच्या फिती सहा आठवडे समुद्रात होत्या आणि यंत्रातल्या मॅग्नेशियमच्या भागांची खाऱ्या पाण्याशी प्रक्रिया होऊन त्यांवर क्षारांची पुटं चढली होती. ॲरिझोनातल्या टूसान इथं आयबीएमच्या तंत्रज्ञांनी ती पुटं रसायनांनी हळूहळू सोडवली, तेव्हा अंतराळवीरांचे शेवटचे शब्द ऐकू आले.

समुद्रातून काढलेला रेकॉर्डर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाण्यातच बुडवून ठेवायचा, हा तपासयंत्रणांचा आजही शिरस्ता आहे. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये पडलं. त्याचे रेकॉर्डर जवळजवळ दोन वर्षांनी, मे २०११ मध्ये, ३,९०० मीटर खोलीवरून मिळाले. पाण्यानं भरलेल्या पेटीतूनच ते पॅरिसजवळच्या ल बुर्जेला नेले. तिथं चिप बसवलेले बोर्ड काढले, क्षार धुतले, ओव्हनमध्ये सुकवले, जोडण्या तपासल्या आणि मगच विजेला जोडले. दोन आठवड्यांच्या आत सगळी नोंद हाती आली. ज्या वस्तूवर दोनशे अठ्ठावीस मृत्यूंचा उलगडा अवलंबून होता, ती वाळवण्याची घाई कुणी केली नाही.

यामागचं शास्त्र सोपं आहे. निव्वळ शुद्ध पाणी विजेचं फारसं वहन करत नाही. वहन करतात ते त्यात विरघळलेले क्षार. आणि बोर्डवर वीज चालू असताना क्षारयुक्त पाणी पडलं की तिथं चक्क विद्युत-विघटन सुरू होतं: जास्त दाबाच्या बिंदूवरचं तांबं, कथील किंवा चांदी सुटते, पाण्यातून वाहत दुसऱ्या बिंदूवर जाऊन बसते आणि तिची झाडाच्या फांदीसारखी बारीक तार वाढत जाते. दोन टोकं भिडली की शॉर्ट. पाणी उडून गेलं तरी क्षार तिथंच राहतात, हवेतला दमटपणा ओढतात आणि काम पुढे चालू. म्हणून लॅपटॉप सुकवून सुरू झाला, महिनाभर नीट चालला आणि मग एका संध्याकाळी गेला, ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानात इतकी नेहमीची असते. चहात दूध आणि साखर दोन्ही. दुधातले क्षार वीज वाहतात, साखर चिकटून ओल धरते. कोलामध्ये फॉस्फोरिक ॲसिड. समुद्राचं पाणी सगळ्यांत वाईट. ग्लासभर पाणी त्यामानानं सभ्य.

धुण्यावरचा विश्वास जिनं जाहीरपणे पाळला, ती अमेरिकेतली टेक्ट्रॉनिक्स कंपनी. १९४६ मध्ये ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला सुरू झालेल्या या कंपनीचे ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी यंत्रं, पुढची कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांची शान होते. आत डझनावारी काचेचे व्हॉल्व्ह, चिनी मातीच्या पट्ट्यांवर झाळलेले सुटे भाग, किंमत एखाद्या मोटारगाडीएवढी. दुरुस्तीला आलेल्या ऑसिलोस्कोपचं कंपनीची माणसं काय करायची? कव्हर काढून त्याला कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं आंघोळ घालायची. फवाऱ्यानं धुवायचं, खळबळून काढायचं, मग उबदार कपाटात कित्येक तास सुकवायचं आणि त्यानंतर मोजमापं लावायला घ्यायचं. धूळ, सिगारेटच्या धुराचा थर, सांडलेली कॉफी, सगळं एकाच धुण्यात. (या लोकांची नजर बारकाईची होती. यंत्राच्या पोटात चांदी मिसळलेल्या झाळाची छोटी गुंडाळी टांगलेली असायची, म्हणजे दूरच्या गावी दुरुस्ती करणाऱ्याला साधं झाळ वापरून पट्ट्या खराब करायची वेळ येऊ नये.)

भारतातल्या रेडिओ मेकॅनिकच्या हाताशी असं कपाट नव्हतं. त्याच्याकडे सीटीसी होतं. कार्बन टेट्राक्लोराइडची ती बाटली, गोडसर वासाची, साऱ्या दुकानांत असायची: रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याचं बटण खरखरू लागलं की सीटीसी, टेपरेकॉर्डरचं हेड मळलं की सीटीसी, सिनेमाची फिल्म पुसायलाही तेच. यकृताला ते घातक आहे याची पर्वा तेव्हा फारशी कुणी करत नसे. मोठ्या कारखान्यांत याच कामासाठी सीएफसी-११३ हा फ्रिऑनच्या कुळातला द्रव वापरत. तो झाळकामातून बोर्डवर उरलेली राळ क्षणात सोडवायचा, आग लागायची भीती नाही, वासही नाही. गोम एवढीच की तो आकाशातला ओझोन खात होता. सप्टेंबर १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि सीएफसी काय नि सीटीसी काय, दोन्ही टप्प्याटप्प्यानं बंद झाली. त्यांची जागा कारखान्यात पुन्हा पाण्यानं घेतली. क्षार काढून टाकलेल्या शुद्ध पाण्यानं बोर्ड धुणारी, भांडी घासण्याच्या मशिनसारखी दिसणारी यंत्रं आली. म्हणजे आपल्या हातात येणारे कितीतरी बोर्ड जन्मतःच एकदा पाण्याखालून गेलेले असतात. दुकानांत आलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. १९२० पासून पेट्रोलियमपासून तयार होणारा हा द्रव आज दुरुस्तीच्या टेबलांवर नुसता ‘आयपीए’ म्हणून ओळखला जातो.

मुंबईत या धंद्याचं मूळपीठ म्हणजे लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. ज्यांचं नाव लोकांच्या तोंडून जात नाही ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते.  रस्त्याची दुसरी ओळख सिनेमाची. ‘मिनर्व्हा’त ‘शोले’ वर्षानुवर्षं चालला, ‘नाझ’च्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. या झगमगाटाच्या आजूबाजूच्या गाळ्यांत रेडिओचे सुटे भाग विकणारी, मग टेपरेकॉर्डरची, मग टीव्हीची दुकानं वाढत गेली. १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सुलभ झाली आणि सुटे भाग जोडून संगणक बनवून देण्याचा व्यवसाय इथं फोफावला. कॉलेजच्या पोरांनी मदरबोर्डच्या किमतीत शंभर रुपये कमी करून घेण्यासाठी दुपार घालवावी, असा तो जमाना.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. लॅमिंग्टन रोडच्या वाट्याला त्यामुळे फारसं संकट आलं नाही. बुडाले कुर्ला, कलिना आणि मिठीकाठचे तळमजले. त्या पुराकडे यंत्रांच्या नजरेनं पाहिलं तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. टेबलाखालचा संगणक गळाभर गढूळ पाण्यात बुडाला, पण उपनगरांत ठिकठिकाणी वीज तोडलेली होती. डेस्कटॉपमध्ये बॅटरी म्हणजे घड्याळापुरती नाण्याएवढी. अशा बोर्डवरचा चिखल धुऊन, नीट सुकवून, नवा पॉवर सप्लाय लावला तर तो उठून बसण्याची बरीच आशा असते. कीबोर्डवर अर्धा कप चहा पडलेला लॅपटॉप मात्र जातो, कारण तो ‘बंद’ असतानाही बॅटरीला जोडलेला असतो आणि बटण दाबल्याची दखल घेणारा भाग अहोरात्र जागा असतो. पुरात बुडालेलं मशीन वाचतं आणि चहा सांडलेलं मरतं, याचं उत्तर पाण्याच्या प्रमाणात नाही, विजेच्या असण्यानसण्यात आहे.

हार्ड डिस्कची गोष्ट थोडी निराळी. तिच्या कव्हरला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी एक सूक्ष्म छिद्र असतं. पूर आला की पाणी तिथूनही शिरतं. अशी डिस्क चालू करून पाहिली, की तबकडीवरून जेमतेम काही नॅनोमीटरवरून सरकणारं हेड गाळावर आपटतं आणि विषय संपतो. गंमत म्हणजे डिस्क बनवणाऱ्यांवरच एकदा ही वेळ आली. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या महापुरात बँग पा-इन इथला वेस्टर्न डिजिटलचा कारखाना माणूसभर पाण्याखाली गेला. कंपनीनं पाणबुडे उतरवले, यंत्रं पाण्यातूनच बाहेर काढली, ती स्वच्छ करून जोडली आणि ३० नोव्हेंबरला उत्पादन पुन्हा सुरू केलं. तोवर जगभर डिस्कचे भाव दुपटीवर गेले होते.

लॅपटॉप बनवणाऱ्यांनी पाण्याचा विचार केला नव्हता असं नाही. १९८२ चा ग्रिड कंपास हा घडीचा पहिला संगणक मॅग्नेशियमच्या पेटीत बसवलेला होता आणि आठ हजार डॉलरांहून महाग होता. तो लष्कर आणि नासानं घेतला. पॅनासोनिकनं १९९६ पासून टफबुकची मालिका काढली, ती पोलिसांच्या गाड्यांत आणि बांधकामांवर वापरण्यासाठी. थिंकपॅडच्या कीबोर्डखाली तर पन्हळी आणि तळाला भोकं आली: वरून सांडलेलं पाणी बोर्डला वळसा घालून सरळ टेबलावर. साधी, सुंदर युक्ती. त्या काळच्या सगळ्याच लॅपटॉपांची आणखी एक सोय होती, जिचं महत्त्व ती गेल्यावर कळलं. मशीन पालथं करून दोन खटके सरकवले की बॅटरी हातात यायची.

मग सडपातळ मशिनांची हौस आली. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी डिंकानं चिकटवलेली आणि मेमरी बोर्डला झाळलेली होती. बाकीच्यांनीही हळूहळू तोच कित्ता गिरवला. नंतरच्या कित्येक यंत्रांत साठवणीच्या चिपाही बोर्डवरच झाळलेल्या आणि त्यांतला मजकूर सांकेतिक कुलपात. पूर्वी बोर्ड गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की लग्नाचे फोटो आणि प्रबंधाची प्रकरणं मिळायची. आता फोटो हवे तर बोर्डच जिवंत करावा लागतो. चहाचा कप तोच आहे. त्याची किंमत वाढली ती यंत्राच्या रचनेमुळे, आणि हा दोष सांडणाऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. कंपन्यांनी मात्र तेच केलं. यंत्रांच्या आत पांढऱ्या चिकटपट्टीचे ठिपके आले, जे पाणी लागताच लाल होतात. ठिपका लाल दिसला की वॉरंटी संपली. दमट हवेनंही ते लाल होतात, अशी तक्रार घेऊन अमेरिकेतले आयफोनधारक कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये ॲपलनं ५.३ कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. सांताक्रूझच्या जुलैमध्ये त्या ठिपक्यांचं काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तांदळाची कथा याच काळात जोरात आली, पण तिचं मूळ जुनं आहे. १९४० च्या दशकात उष्ण प्रदेशात हिंडणाऱ्या फोटोग्राफरांना कॅमेरा आणि फिल्म कोरडी राखण्यासाठी तांदूळ वापरण्याचा सल्ला दिला जात असे. कोकणातल्या घरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, तेही याच हिशोबानं. दमट हवेतली ओल तांदूळ थोडीफार शोषतो, हे खरंच. परंतु यंत्राच्या पोटात, चिपेच्या खाली अडकलेला चहाचा थेंब तो बाहेर ओढू शकत नाही आणि दुधाचे क्षार तर मुळीच नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका जुने फोन विकत घेणाऱ्या कंपनीनं निरनिराळी शोषकं तपासली, तेव्हा तांदूळ नुसत्या उघड्या हवेहूनही मागे पडला. २०२४ च्या सुरुवातीला ॲपलनंच भिजलेला आयफोन तांदळात घालू नका, दाण्यांची पूड आत जाऊन नुकसान होईल, असं लिहून टाकलं. तरीही तांदूळ चालू आहे, कारण त्यानं काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि दोन दिवस दुकानाची पायरी चढावी लागत नाही. ते दोन दिवसच गंजाला हवे असतात.

‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानात त्या बोर्डचं पुढे काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. तळाचे स्क्रू निघतात आणि कारागिराचा हात सर्वांत आधी बॅटरीच्या जोडणीकडे जातो. ती सुटेपर्यंत तो दुसऱ्या कशाला शिवत नाही. बोर्ड बाहेर आला की पत्र्याची झाकणं उचलून सूक्ष्मदर्शकाखाली. जिथं पाणी बसलं तिथं हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. लॅपटॉपमधली एक जागा तो हमखास तपासतो: पडद्याची केबल जिथं लागते ती पिनांची ओळ. तिथं पडदा उजळवणारा कित्येक व्होल्टांचा दाब आणि चित्र वाहून नेणाऱ्या जेमतेम व्होल्टभराच्या वाहिन्या केसाच्या अंतरावर शेजारी असतात. दोहोंत थेंब अडकला तर मोठा दाब थेट प्रोसेसरकडे जातो आणि मग त्या बोर्डसाठी करण्यासारखं काही उरत नाही.

नशीब बरं असेल तर पुढचं काम. आयपीएत बुडवलेला दात घासायचा ब्रश, हलक्या हातानं. जास्त मळलेला बोर्ड अल्ट्रासोनिक टबमध्ये. ध्वनीलहरींनी उठणारे बुडबुडे चिपेच्या पोटाखालची घाण फोडून काढतात. मग शुद्ध पाणी, पुन्हा अल्कोहोल आणि ब्लोअरची ऊब. त्यानंतर डीसी सप्लायवर मोजून वीज देतात आणि अँपिअरचा आकडा बघतात. आकडा अचानक वर उडाला तर कुठंतरी शॉर्ट. कुठं ते शोधायला कारागीर अल्कोहोलचे थेंब बोर्डवर सोडतो: जो भाग तापतो, त्याच्यावरचा थेंब सगळ्यांत आधी उडून जातो. कुणी त्याऐवजी राळेच्या धुराचा पांढरा थर देतात आणि तो कुठं वितळतो ते बघतात. मोहरीएवढा एक कॅपॅसिटर सापडतो, हॉट एअरनं निघतो आणि पंखा फिरतो. कंपनीच्या सेवाकेंद्रात याच मशीनला ‘अख्खा बोर्ड बदला’ असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी, कारण तिथं असं खोदकाम करण्याची पद्धतच नाही.

ही कला शिकायला कंपन्यांकडून काही मिळत नाही, हे दुखणं जगभरचं. न्यूयॉर्कमध्ये लुई रॉसमन पाण्यानं गेलेले मॅकबुक दुरुस्त करताना कॅमेरा लावून ठेवत आणि ते बघून हजारो मेकॅनिक शिकले. सर्किटचे नकाशे आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, यासाठी ते पुढे अमेरिकेतल्या विधिमंडळांपुढेही जाऊन बोलले. भारतात ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केलं. कायदा अजून झालेला नाही.

तोवर वाचकांनी एवढं करावं. कीबोर्डवर काही सांडलं तर चार्जर उपटा, बटण धरून ठेवून मशीन बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि लॅपटॉप तंबूसारखा पालथा ठेवा. चालू होतोय का, ते बघू नका. ड्रायर नको, तांदूळ नको, ऊन नको. त्याच दिवशी बोर्ड धुऊन देणारं दुकान गाठा आणि तिथं काय सांडलं ते खरं सांगा. साखरेचा चहा सांडला असताना ‘नुसतं पाणीच होतं’ म्हणणारी गिऱ्हाइकं प्रत्येक दुकानदाराला रोज भेटतात, आणि त्यांची मशीनं तो पुन्हा खोलतो.